आमच्या बाजूचं दार

१४ जानेवारी

प्रिय मावशी,

तू फोन उचलत नाहीस. उचललास तर मागे घासायचं मशीन घरघरत असतं, आणि मशीन बंद असलं तर म्हणतेस, "पत्र लिही, फोनवर तू माझं बोलणं मधेच तोडतेस." म्हणून लिहायला बसले. ऑफिसच्या कागदावर नाही, माझ्या स्वतःच्या.

तुमच्या गल्लीपुढच्या रुंद रस्त्याखालून जी रेल्वे जाणार आहे, तिचं स्टेशन पक्कं झालं. दोन दारं असतील. एक रस्त्याच्या पलीकडे, हॉटेलांच्या बाजूला. दुसरं तुमच्या बाजूला, गल्लीच्या तोंडाशी, लाकडाच्या वखारीचा कोपरा घेऊन. तुझ्या दुकानातून बाहेर पडलं की चार पावलांवर जिना. कवळ्या लावून घ्यायला येणारी तुझी सगळी म्हातारी मंडळी थेट तुझ्या पुढ्यात वर येतील.

आता दुसरी बातमी. ही बाहेरून कानावर पडली तर तू मला फाडून खाशील, म्हणून मीच सांगते. स्टेशन आलं की आसपासच्या जागांचे भाव चढतात. त्या चढलेल्या भावातला काही हिस्सा पालिका जागामालकांकडून घेणार आहे. त्याला सुधार आकार म्हणतात. हे काम आमच्या मूल्यांकन खात्याकडे आलंय आणि तुमच्या स्टेशनचं टेबल नेमकं माझं आहे. पुढच्या महिन्यात गल्लीत नोटीस लागेल. घाबरू नकोस, आणि उगाच भडकूही नकोस.

आईचा गुडघा बरा आहे. तुझी आठवण काढते, म्हणजे तुझ्या तक्रारी करते.

तुझी,
ठकू


२२ जानेवारी

ठकूस,

आशीर्वाद वगैरे शेवटी. आधी भांडण.

भडकू नकोस म्हणे! अगं, तीस वर्षं मी लोकांचे दात बनवते. प्लास्टरचे साचे, मेणाचे नमुने, गुलाबी हिरड्या, सगळं या दोन हातांनी. दाताचे डॉक्टर माप पाठवतात आणि मोकळे होतात. मग ते खुपलं, हे हललं, घास चावताना खटखट वाजलं की माणसं येतात माझ्याकडे. त्या कमाईतून ही दोन खोल्यांची जागा घेतली. तुझ्या काकांच्या मागे तिचं छप्पर दोनदा बदललं. तेव्हा कुठे होती गं तुमची पालिका? आली होती का कौलं धरायला?

आणि भाव चढला म्हणजे नक्की काय झालं, ते सांग. माझी खोली लांब झाली? काल जेवढ्या कवळ्या करत होते तेवढ्याच आज करते. भाव चढतो तो विकणाऱ्याचा. मी काही विकत नाही. माझ्या ताटात नसलेल्या घासाचा हिस्सा मागता तुम्ही!

आमच्याकडे एक म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. माझ्याकडे दात ढिगानं आहेत. तुझ्या खात्याला चणे हवे असतील तर दुसरीकडे बघा म्हणावं.

नोटीस लागू दे. बघते कोण पैसे देतं ते.

बँडमास्तर तुला विचारत होते. सत्तरी उलटली तरी माझ्या दातांवर अजून क्लॅरिनेट वाजवतात. हिरडी झिजली की सूर फुसफुसतो, मग येऊन बसतात खिडकीपाशी. "तुझी भाची मोठी साहेबीण झाली ना?" म्हणाले. मी म्हटलं, झाली, आणि पहिला हात मावशीच्याच गळ्यावर टाकला.

ताईला म्हणावं, तक्रारी पत्रातून कर, म्हणजे मला उत्तर देता येईल.

तुझी (अजून तरी),
मावशी


३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

शिव्या पोचल्या. जपून ठेवल्या.

तुझं एक म्हणणं खरं आहे आणि मी ते मान्य करते. जो विकत नाही त्याच्या हातात पैसा येत नाही. म्हणूनच नियमात सोय आहे. जो राहतो आणि जागा विकत नाही, त्याने आत्ता काही भरायचं नाही. ज्या दिवशी विकेल, किंवा पाडून मोठी इमारत उभी करेल, त्या दिवशी द्यायचं. तू शेवटपर्यंत कवळ्या घासत बसलीस तर पालिका तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही.

पण तू विचारलंस, पालिका कौलं धरायला आली होती का. नाही आली. पण हा बोगदा काय तू खणलास? त्याचे पैसे सगळं शहर देतंय. ज्यांची स्वतःची वीतभर जागा नाही, ती भाड्याने राहणारी, बसला लोंबकळणारी माणसंसुद्धा देतायत. आणि त्यांच्या पैशावर जमिनीचा भाव चढणार तो जागावाल्यांचा. त्यातला थोडा परत घेतला तर चोरी कुठे झाली?

आता पुढचं शांतपणे वाच. आकार स्टेशनच्या दारापासून मोजतात. दारापासून दहा मिनिटं चालत जेवढ्या जागा येतात, तेवढ्यांना आकार. त्याच पैशातून ते दार, तो जिना, ती लिफ्ट. गल्लीने मिळून आकार नाकारला तर गल्लीच्या बाजूचं दारच जाईल. स्टेशन राहील, गाडी थांबेल, पण तुम्हाला रस्ता ओलांडून पलीकडून आत शिरावं लागेल. म्हणून हरकतीवर सही करण्याआधी विचार कर.

ठकू


१९ फेब्रुवारी

ठकू, ठकू, ठकू!

शेवटी आईवरच गेलीस. लहानपणी ताई मला म्हणायची, "ऐकलं नाहीस तर तुझं अंथरूण अंगणात फेकीन." रोज म्हणायची. एकदाही फेकलं नाही, पण मी रोज रडून तिचे कपडे धुवायचे. पुढे मला अक्कल आली आणि मी धुणं सोडलं. अंथरूण जागच्या जागीच राहिलं. तेव्हापासून "नाहीतर असं होईल" म्हणणाऱ्यांना मी भीक घालत नाही. तूही मला अंथरूण दाखवतेस? म्हणे दार जाईल! स्टेशन बांधतात ते माणसांनी आत जावं म्हणून. दाराशिवाय काय, लोक भिंतीतून झिरपणार?

तर मग ऐक. गल्लीची हरकत तयार झाली. मजकूर वखारवाल्याने लिहून घेतला, चांगल्या वकिलाकडून, खर्चही त्यानेच केला. म्हणाला, "बाई, तुमच्या शब्दाला मान आहे, तुम्ही फिरा." मग मी फिरले. भर दुपारी, मशीन बंद ठेवून, घरोघर. शिंपीणबाई आधी का-कू करत होती, तिला म्हटलं, आज गप्प बसलीस तर उद्या सुईदोऱ्यावर आकार लावतील. केली सही. पाव-बिस्किटवाला, घड्याळवाला, त्याच्या वरच्या मजल्यावरचे दोघे भाऊ, सगळ्यांनी केल्या. एक घर सुटलं नाही.

तुझ्या टेबलावर येईल आता. सगळ्यात वरची सही कोणाची आहे ते बघ. चष्मा लावून बघ.

मावशी


२८ मार्च

प्रिय मावशी,

गल्लीची हरकत मान्य झाली. तुमच्यावर सुधार आकार लागणार नाही. स्टेशनच्या नकाशातून तुमच्या बाजूचं दार काढून टाकलं आहे.

मी धमकी देत नव्हते. सांगत होते.

ठकू


९ ऑगस्ट

ठकूस,

इतके महिने लिहिलं नाही. तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हा गल्लीत मी पेढेवाल्यासारखी ऐटीत फिरले. दाराचं वाक्य मला खरंच वाटलं नाही. म्हटलं, आपली हार झाकायला पोरगी फुरफुरतेय.

आता सांगते काय झालं ते. बसूनच वाच.

जूनमध्ये रस्त्याचं काम काढलं आणि आमच्या बाजूचा बसचा थांबा पलीकडे नेला. म्हटलं, थोडे दिवस, मग आपलं दार होईल. काम बघायला येतो तो गोरा-घारा इंजिनिअर, त्याला विचारलं, बाबा, आमचा जिना कुठून निघणार? त्याने नकाशा उलगडून दाखवला. पलीकडे दोन-दोन जिने, लिफ्ट, सरकता जिना. आमच्या बाजूला नुसती भिंत. मी दातओठ खात परत आले, पण कोणाला काही बोलले नाही. कोणत्या तोंडाने बोलणार? सह्या मीच घेतल्या होत्या.

गेल्या मंगळवारी बँडमास्तर यायचे होते. शनिवारी लग्नात वाजवायचं होतं, म्हणून घासायला ठेवून गेलेले दात नीट बसवून घ्यायचे होते. मी खिडकीत उभी. पलीकडे बसमधून उतरलेले दिसले. हिरवा दिवा लागला, निघाले. ते आपले अर्ध्यात आणि दिवा लाल. मधल्या दुभाजकावर उभे राहिले, क्लॅरिनेटची पेटी छातीशी धरून. दोन्ही बाजूंनी गाड्या. पुन्हा हिरवा लागला तसे घाईने उतरले आणि कडेने आलेल्या स्कूटरचा धक्का लागून पडले. इकडे मी खिडकीत, हातात त्यांचे दात, आणि तिकडे ते आडवे. पळाले गं मी, चप्पल न घालता पळाले.

मनगट मोडलंय. उजवं. हाड जुळेल म्हणतात डॉक्टर, पण बोटं पहिल्यासारखी चालतील की नाही, सांगत नाहीत. हॉस्पिटलात मला म्हणाले, "बाई, चूक माझीच. म्हाताऱ्याने रस्ता ओलांडू नये." मला तिथेच रडू फुटलं. माझं गिऱ्हाईक सगळं याच वयाचं आहे, ठकू. दात पडल्यावरच येतात ना माझ्याकडे! तो रस्ता ओलांडून कोण येणार? या आठवड्यात तिघांनी निरोप पाठवला, "दुसरीकडे बघतो." बरोबरच आहे त्यांचं.

आणि आता वर मीठ. वखारीचा सौदा ठरला. गाड्या विकायचं दालन होणार तिथे, काचेचं. वर्षअखेर कागद होणार. तिथे येणारे येतील गाडीतून, त्यांना स्टेशनचं दार असलं काय, नसलं काय. मी वखारवाल्याला विचारलं, "तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं ना?" तर हसून म्हणतो, "बाई, आकार वाचला म्हणून तर चांगला भाव आला. तुमचे उपकार आहेत." सगळ्या गल्लीची मिळून जेवढी जागा, त्याहून त्या एकट्याची मोठी. आकार लागला असता तो खरा त्यालाच, कारण विकणार तोच होता. आम्ही विकणार नव्हतो, आम्हाला दमडी पडली नसती. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून त्याने बार काढला आणि मी वर खांदा नीट धरून मदत केली!

मला आता तुझं "सांगितलं होतं ना" नको आहे. ते मी स्वतःच स्वतःला रोज सांगते. मला दार हवंय. आकार लाव. लाव म्हणते ना! अर्जही सोबत पाठवला आहे.

मावशी


१७ ऑगस्ट

प्रिय मावशी,

"सांगितलं होतं ना" मी म्हणणार नाही. बँडमास्तरांचं वाचून मला दिवसभर काम सुचलं नाही. त्यांना भेटायला मी रविवारी हॉस्पिटलात जाऊन आले. तू नव्हतीस. डाव्या हाताने चहा पीत होते आणि तुझ्या तावडीतून वाचल्याचं सांगत होते.

तुझा अर्ज आला. आमच्या खात्यात आकार कमी करा, आकार माफ करा, आकार पुढे ढकला असे सगळे अर्ज असतात. आकार लावा असा अर्ज आजवर आलेला नाही, त्यामुळे तो कुठल्या फायलीत घालायचा ते कोणालाच कळेना. साहेबांनी मला विचारलं, या बाई बऱ्या आहेत ना? मी म्हटलं, बऱ्या आहेत, माझी मावशी आहे. तेव्हा त्यांनी तुमच्या स्टेशनची फाइल माझ्याकडून काढून शेजारच्या टेबलावर दिली. नात्यातलं काम आपण करू नये, ते बरोबरच आहे. आता मी जे लिहिते ते भाची म्हणून लिहिते.

खरं ते असं. स्टेशनच्या भिंतीत तुमच्या बाजूच्या दाराची जागा अजून मोकळी सोडलेली आहे. नोव्हेंबरात ती काँक्रीटने बुजवतील, मग संपलं. अडलंय ते जिन्याच्या पैशावर नाही. जिन्याचा खर्च पलीकडच्या हॉटेलांनी भरलेल्या आकारातून निघू शकेल. अडलंय ते जिना जिथे वर यायचा त्या जमिनीवर. वखारीचा कोपरा विकत घ्यायला लागणार होता आणि त्याला तुमच्या बाजूचा आकार पुरला असता. तो आता नाही. गल्लीच्या तोंडाशी कोणी जमीन फुकट दिली तरच दार होईल, आणि तसा वेडा कोण असतो? म्हणून विसर आता.

तू इकडे ये. आमच्या घराजवळ गाळे आहेत भाड्याचे. आईही म्हणते, ये.

ठकू


२५ ऑगस्ट

ठकूस,

माझी बाहेरची खोली घ्या.

गल्लीच्या तोंडाशीच आहे. वखारीला लागून. पायाही पक्का आहे, तुझ्या काकांनी घातलेला. आत एक खोली राहते, तेवढी मला पुरे. पत्र तुला लिहिते आहे, अर्ज त्या शेजारच्या टेबलाला पाठवते. बक्षीसपत्र म्हणतात ना, ते कसं करतात ते तेवढं कळव.

वेडी म्हणायची असेल तर म्हण. पण ये म्हणू नकोस. मी भाड्याच्या गाळ्यात बसायला जन्मले नाही आणि त्या काचेच्या दालनासाठी गल्ली रिकामी करून द्यायला तर मुळीच नाही.

मावशी


६ सप्टेंबर

प्रिय मावशी,

असं करू नकोस.

मला ती खोली ठाऊक आहे. लहानपणी सुट्टीत मी त्याच खिडकीत बसून तुझ्या दातांच्या रंगाच्या पट्ट्या जुळवायचे. तू म्हणायचीस, दाताचा रंग दिव्याखाली ठरवणारा लोकांचं तोंड बिघडवतो, त्याला दिवसाचा उजेडच लागतो. आतल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. तिथे तू काम कसं करणार? मी जमिनीचं मोल ठरवायची नोकरी करते, पण या खोलीचं मोल मला काढता येत नाही. आई रडते आहे. "तिचं छप्पर तुम्ही लोक घेणार" असं मला म्हणाली, जसं काही मीच हातोडा घेऊन निघाले आहे.

आणि आणखी एक, फार महत्त्वाचं. आकार दारापासून मोजतात, हे मी लिहिलं होतं. दार परत आलं की आकारही परत येतो. कोणाच्या सह्या लागत नाहीत, आणि हरकतीची मुदत कधीच संपली, त्यामुळे आता कोणाची हरकतही चालत नाही; दारापासून दहा मिनिटांत जे येतं ते येतं. अख्खी गल्ली येईल. शिंपीणबाई येईल, घड्याळवाला येईल. वखारही येईल, आणि सौद्याचे कागद व्हायचे आहेत, म्हणजे पहिला मोठा आकार त्यालाच पडेल. तो गप्प बसणार नाही. आणि गल्लीही तुला म्हणेल, फेब्रुवारीत एक आणि सप्टेंबरात दुसरंच. आपले दात आणि आपलेच ओठ, मावशी. तू एकटी पडशील.

ही धमकी नाही. या वेळी तरी विश्वास ठेव.

ठकू


२१ सप्टेंबर

ठकूस,

ठेवला विश्वास. तुझं पत्र घड्याळवाल्याला बसवून मोठ्याने वाचायला लावलं, माझ्या बाहेरच्या खोलीत, सगळ्या गल्लीपुढे. एक ओळ गाळू दिली नाही. एकटी पडायचंच असेल तर निदान उजेडात पडते म्हटलं.

मग जो काही गोंधळ झाला! शिंपीणबाई तर माझ्यावर कात्री घेऊन धावायची बाकी होती. "तूच सह्या करायला लावल्यास, आता तूच आमच्या माथी मारतेस? थुंकलेलं चाटतेस?" मी म्हटलं, हो, चाटते. चुकीचं थुंकले होते. तिला विचारलं, "तू घर विकणार आहेस?" नाही म्हणाली. "मग तुला आज काय भरायचंय?" काही नाही. "तुझी गिऱ्हाइकं कुठून येतात?" पलीकडून. "मग ओरडतेस कशाला?" तर म्हणाली, "मला आधी विचारायचं होतंस." ते मात्र खरं. तिचे पाय धरायचे बाकी ठेवले मी, बाकी सगळी माफी मागितली. वरचे दोघे भाऊ विकायच्या विचारात होते, ते उठून गेले. माझ्याशी बोलत नाहीत. चालायचंच.

चौथ्या दिवशी वखारवाला स्वतः आला. याआधी निरोप पाठवायचा, या वेळी पायऱ्या चढून आला. बसला त्याच खुर्चीत जिथे मी लोकांना आ करायला लावते. म्हणाला, "बाई, दोन्ही खोल्या मला द्या. बाजारभावाच्या दुप्पट देतो, आत्ता." मी म्हटलं, "इतके पैसे आहेत, तर आकार का जड होतो हो?" तर म्हणतो, "तो पैसा पालिका खाईल." मी म्हटलं, "खाऊ दे की. निदान जिना तरी ओकेल."

मग त्याचा आवाज बदलला. "मीही इथेच वाढलो. माझ्या वडिलांनी एकेक ओंडका खांद्यावर वाहिला. त्या कष्टाचा मोबदला मला मिळू नये?" हे ऐकून मला माझंच पत्र आठवलं, अगदी हेच मी जानेवारीत तुला लिहिलं होतं. मग म्हटलं, "ओंडक्यांचा मोबदला ओंडके विकून मिळाला. हा भाव ओंडक्यांचा नाही. बोगद्याचा आहे. आणि बोगद्यात तुमच्या वडिलांचाही खांदा नाही आणि माझ्या नवऱ्याचाही नाही." तो उठला. जाताना म्हणाला, "तुमच्या भाचीची नोकरी आहे ना पालिकेत?"

एवढं ऐकलं आणि मी लगेच हे लिहायला बसले. तुझ्यावर काही येत असेल तर सांग. मी अर्ज मागे घेते. माझं दार गेलं तरी चालेल, तुझी भाकरी नको जायला.

मावशी


१८ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

अर्ज मागे घेतलास तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. ही मात्र खरंच धमकी आहे.

माझ्यावर तक्रार आली. आरोप काय, तर मावशीच्या जागेचा भाव वाढावा म्हणून मी दार परत आणलं. साहेबांनी बोलावलं. मी म्हटलं, जी बाई जागा फुकट देतेय, तिच्या त्या जागेचा भाव वाढून तिला काय मिळणार ते मला सांगा. आणि फाइल माझ्याकडे नाही, ऑगस्टपासून नाही. चौकशी करायची तर करा, मी रजा घेणार नाही, रोज याच खुर्चीत बसेन. शेजारच्या टेबलवाला, जो कधी मान वर करत नाही, तो मधेच म्हणाला, "मोजमाप मी केलंय, दार कायद्यात बसतं. मलाही विचारा." चौकशी चालू आहे. होऊ दे. मला झोप नीट लागते.

आता मुख्य बातमी. तुझं दान मंजूर झालं. गल्लीच्या बाजूचं दार नकाशात परत आलं. भिंत बुजवायचं काम थांबवलं. पुढच्या आठवड्यात तुझ्या खोलीचा ताबा घेतील.

आकारही परत लागला. वखारीलाही. तुला मात्र पूर्ण माफी आहे, जागा देणाऱ्याला नियमातच असते. तशी चिठ्ठी वेगळी येईल, सांभाळून ठेव.

तुझी,
ठकू


४ नोव्हेंबर

ठकूस,

माझी भिंत काल पाडली. उभी राहून बघितलं. खिडकीची चौकट आधी काढली, मग वीट. रडले. लपवत नाही. शिंपीणबाई येऊन शेजारी उभी राहिली, म्हणाली, "पदर लाव तोंडाला, धूळ जातेय." म्हणजे आमचं बोलणं सुरू झालं.

आतल्या खोलीत मशीन बसवलं. उजेड नाही, तू म्हणालीस तेच खरं. म्हणून दाताचा रंग ठरवायचा असला की गिऱ्हाइकाला गल्लीत खुर्ची टाकून बसवते. येणारा-जाणारा जो तो त्याच्या तोंडात डोकावतो आणि मत देतो, "जरा पिवळट घ्या हो." परवा बँडमास्तर आले होते, मुलीने टॅक्सीने आणलं. क्लॅरिनेट नाही वाजत अजून, चौथं बोट ऐकत नाही. पण दात लावून नुसती तोंडाची फुंकर मारून बघितली. "तोंड तयार आहे," म्हणाले, "आता हाताची वाट बघायची."

वखारवाल्याचा सौदा मोडला नाही, उगाच बोंब मारत होता. घेणाऱ्याने भाव थोडा पाडला, एवढंच. तरीही घबाड मिळणारच आहे. आकार देऊनही माझ्या सात जन्मांत पाहिला नाही एवढा पैसा. गल्लीत मला बघून थुंकतो. थुंकू दे, माझा रस्ता आहे, मी पुसून जाते.

आता तुझ्या माफीचं. ती मला नको.

शेजारच्या टेबलाला तसं लिहून पाठवलंय. उरलेल्या आतल्या खोलीवर आकार लावा. विकणार नाही, म्हणजे भरायचीही वेळ येणार नाही, हे मला कळतं. पण मी सुटले आणि बाकी अडकले असं त्या वखारवाल्याला एक दिवससुद्धा म्हणता येता कामा नये. गल्लीच्या सगळ्या घरांवर नोटीस लागणार ना, तर पहिली माझ्या दारावर लागू दे. त्याच्या फाटकावर नंतर.

आणि ती शिपायाकरवी पाठवू नकोस. तू घेऊन ये. तुझं टेबल आता कुठलंही असो, नोटीस चिकटवायला हात तर आहेत ना? चौकशीवाले बघत असतील तर बघू देत. मावशीला फुकट सोडलं नाही, हेही त्यांना दिसू दे. इतके महिने आमच्या गल्लीचे नकाशे चाळलेस, आणि गल्लीत शेवटचं पाऊल टाकलंस त्याला किती काळ लोटला, तूच आठव.

ऑफिसच्या गाडीने येऊ नकोस. बसने ये. पलीकडच्या थांब्यावर उतर आणि रस्ता चालत ओलांड, जशी माझी म्हातारी गिऱ्हाइकं ओलांडतात. दार व्हायला अजून वेळ आहे. हिरवा लागला की लगेच निघ, अर्ध्यात थांबू नकोस. मी खिडकीत नसेन, खिडकीच राहिली नाही. कडेला उभी असेन, हात पुढे करून.

तुझी,
मावशी